मंडईतलं नाटक

नाटकातली दाढी चिकटवायच्या गोंदाचा उग्र वास आला की मला दवनीवाड्याच्या मंडईतली, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतली, ती दुपार आठवते. नाटकात मी बुद्धविचार मांडणारी प्राध्यापिका होते आणि कॉलेजातला माझा मित्र वेदांचा अभ्यासक. दोघं भर सभेत एकमेकांची मतं खोडून काढतात, मनातून एकमेकांवर जीव टाकतात आणि शेवटी, आपलं मत न सोडता, ती त्याचा हात धरते. आमचं घर बौद्ध आणि त्याचं हिंदू, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पडदा उघडायच्या आधी निरोप आला, "पोरीनं हात धरला त मंडप पेटवून देऊ." दिग्दर्शक म्हणाले, "भेव लागत असन त नको धरू, बाई." शेवटचा प्रवेश सुरू झाला तसे मागे काही जण काठ्या घेऊन उभे राहिले. मी हात पुढे केला आणि ती माणसं स्टेजकडे यायला लागली. तेवढ्यात प्रेक्षकांत बसलेले माझे बाबा उठले आणि आमच्याकडे पाठ करून त्यांच्या वाटेत उभे राहिले. जरा वेळानं मित्राचे वडीलही त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. माणसं थबकली, पुटपुटली आणि निघून गेली. मी मित्राचा बर्फासारखा हात धरला. परत जाताना सायकलवर बाबा एवढंच म्हणाले, "मांगं आयकू येत नोहता. आवाज मोठा काढत जा." त्यांचा सदरा घामानं चिंब झाला होता. तेव्हा मला वाटलं, उन्हानं. आज त्यांच्या वयाची झाल्यावर तसं वाटत नाही.