बापूंची सुतळी

बापूंना राग लगेच यायचा नाही. ते तो लोणच्यासारखा मुरत घालत. ठाकुर्लीतल्या त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा न विचारता त्यांची तुळशीची कुंडी हलवली. त्यानंतर अकरा वर्षं बापू त्याच्या घरच्या सत्यनारायणाला गेले, तीर्थ घेतलं आणि प्रसाद न घेता परत आले. "देवाशी माझं भांडण नाही," असं वर सांगत.

कोलशेतच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या. तिथे प्रत्येक पुस्तिका सुतळीने त्या त्या यंत्रालाच बांधलेली असे. "कपाटातलं पुस्तक कामगाराच्या काय कामाचं?" असं ते म्हणत. निवृत्तीनंतर ते आमच्यात आले. आम्ही पाचसहा जण वाचनालयांच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्लगइन बनवून फुकट वाटायचो. कोणीही घ्यावेत, हवे तसे बदलावेत. बापूंना कोड लिहिता येत नव्हता. पण प्लगइन कसे बसवायचे, कसे वापरायचे याची चाळीस पानं त्यांनी अशी लिहिली, की शहाडच्या वाचनालयातल्या बाईंनी कोणालाही फोन न करता काम उरकलं.

ही पानं ठेवायची कुठे, असा प्रश्न आला. बापू म्हणाले, "कोडच्याच फोल्डरमध्ये. कोड जाईल तिथं पानं जातील." आमच्या गटाच्या म्होरक्याला 'साहेब' म्हटलेलं फार आवडायचं. तो म्हणाला, "माझ्या वेबसाइटवर टाकू ना, मस्त दिसेल." मतदान झालं. मी साहेबांच्या बाजूने हात वर केला. मेली माझी अक्कल! बापूंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्यांना चहा ओतला.

साहेबांनी पानं साइटवर चढवली, 'संकलन' म्हणून स्वतःचं नाव घातलं आणि बापूंचं गाळलं. वर्षभरात त्यांना दुसराच नाद लागला, साइट बंद पडली, पानं गेली. साधी प्रतही ठेवली नव्हती या गृहस्थाने. शहाडला नवा संगणक आला, आणि प्लगइन बसवायचा कसा ते कोणालाच आठवेना. बाई रडकुंडीला आल्या.

मी तोंड पाडून ठाकुर्लीला गेले. शहाडचं काम बापूंनी आदल्याच दिवशी स्वतः जाऊन केलं होतं; त्या बाईंवर त्यांचा राग नव्हता. माझ्यावर होता. त्या चाळीस पानांची छापलेली फाइल टेबलाला सुतळीने बांधलेली होती. "टाइप करून घे. इथंच बसून," ते म्हणाले.

चार रविवार मी टाइप केलं. अडलं की बापू समजावत, काकू पोहे आणत. शेवटचं पान संपलं तेव्हा त्यांनी खिशातून पेनड्राइव्ह काढला. चाळीसच्या चाळीस पानं त्यात होती.

"बापू! मग आधीच का नाही दिलंत?"

"हात वर केला होतास ना?" म्हणाले, आणि इतके हसले की काकू आतून धावत आल्या. पण त्या चार रविवारांत मला ती पानं तोंडपाठ झाली, हेही खरं.

पानं आता कोडच्याच फोल्डरमध्ये आहेत, वर बापूंचं नाव आहे. बापू गेल्या वर्षी गेले. महिना झाला नाही तोच साहेबांचा फोन. "अगं, माझंही नाव टाक ना. संकलन मीच केलेलं. आता बापूही नाहीत."

त्या शेवटच्या वाक्याने माझं डोकं फिरलं. पण आवाज मी गोडच ठेवला. "टाकते ना, साहेब. फक्त चाळीस पानं टाइप करायला या. माझ्याकडेच बसून."

काकूंनी दिलेली ती फाइल मी माझ्या टेबलाला बांधून ठेवली आहे, त्याच सुतळीने. साहेब अजून आलेले नाहीत. आले तर पोहेही करीन. पेनड्राइव्ह माझ्या खिशात आहे.