पाईपाच्या तोंडावर ओलं गोणपाट

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोराच्या गाडीचा धुराचा पाईप तपासणं. ती मागं उकिडवी बसून सायलेन्सरच्या तोंडावर ओलं गोणपाट दाबून धरायची आणि मी गाडीखाली पडून कान लावायचो. मागचं तोंड बंद झालं की धूर जिथं फट सापडेल तिथून फुसफुसतो. ट्रॅक्टर घेतला तेव्हापासून आमची हीच रीत. एकट्याचं ते कामच नाही.

"दाबलं का गं?"

"दाबलंय. ऐकू येतंय का, का कान बी गेलं?"

"फुसफुसतंय अजून."

"मग मी काय करू, ओवी म्हनू?"

पोरानं जुनी डिझेल गाडी घेतली आणि नगरला नेऊन तिला बाजारातला जाड पाईप बसवून आणला. इंजिनाच्या टर्बोपासून खाली उतरणारा. त्याला मधेच एक फाटा आणि फाट्याला झाकण. कटआउट म्हणतात. सीटजवळची तार ओढली की झाकण उघडतं, धूर सायलेन्सरकडं न जाता तिथूनच बाहेर पडतो आणि गाडी माजलेल्या वळूगत डुरकते. अख्ख्या देवळालीला कळायचं, साहेब निघाले. ते झाकण तापून तापून वाकलं. तार सोडली तरी पुरतं बसेना. शिंगणापूरहून येताना ती मागच्या सीटवर नाकाला पदर लावून बसली होती. "डोकं गरगरतंय," म्हणाली. घरी आल्यावर ओकली. पोरगं म्हणे, उसाचा रस बाधला. मी खाली वाकून बघितलं तर फाट्याभोवती काजळीचे ओघळ, पार गाडीच्या बुडापर्यंत. धूर आत येत होता. त्या धुरानं माणसाला झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही.

म्हणून झाकणच काढून टाकलं, तार उपटली. फाट्याचं तोंड तारेच्या ब्रशनं घासून कोरं केलं. पोरानं थापलेला लाल सिलिकॉनचा चिखल खरवडला. नुसत्या चिखलानं फट बुजत नाही, दोन्ही तोंडं सपाट बसावी लागतात. फट राहू नये म्हणून मधे नवी गॅस्केट, वर जाड लोखंडी चकती, आणि तीन बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. फुसफुस थांबली.

"सोड गं आता," मी खालून म्हणालो.

"झालं?"

"अर्धं झालं. गाडी तापून निवली की बोल्ट ढिलं पडत्यात. सांजच्याला परत आवळायचं, परत बघायचं."

"मंग गोनपाट हितंच ठिवते," म्हणाली, आणि कुंपणाच्या भिंतीवर वाळत घातलं.

सांज तिला दिसली नाही. दुपारी गाईपुढं वैरण टाकता टाकता खाली बसली ती बसलीच. डॉक्टर म्हणाला, हृदय. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, धुरानं नाही ना? नाही म्हणाला. परत विचारलं. परत नाही म्हणाला. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून आलो.

आमच्यात दुसऱ्या दिवशी सकाळीच सावडतात. तिथून अस्थी घेऊन प्रवरासंगमाला जायचं ठरलं, आणि गाडी तीच. मागं लेक बसणार, मांडीवर तिचं तान्हं. थंडी अशी की काचा बंदच राहणार. सकाळपासून बाया गळ्यात पडून रडत होत्या आणि माझ्या डोक्यात ते तीन बोल्ट. ते परत आवळायचे राहिले होते.

मी पाना घेतला, भिंतीवरचं गोणपाट घेतलं. ते वाळून पापडागत झालं होतं, मधे काजळीचा गोल. थोरल्या भावानं वाट अडवली.

"सुतकात हत्यार धरतो व्हय रं? दहावा तरी हुंदे."

"दहाव्यापत्तुर धूर थांबतोय का?"

"लोकं काय म्हनतील? बायकू काल गेली आन् ह्यो गाडीखाली."

"सुतकात गाडी चालती, आन् पाना चालत न्हाई?"

पोरगं मधे पडलं. "आबा, काल तुमीच बसवलंय की. आता तरी राहू द्या. लोक खोळंबलेत."

"अर्धं बसवलंय. तुझ्या आईला इचार," म्हणालो आणि तोंड मिटलं.

मग मी सरळच सांगितलं. गाडी अशी हलली तर चाकापुढं आडवा पडंन. मला एक मयत पुरे हाय.

चाकांना दगड लावले आणि खाली शिरलो. पाईप गार होता. पहिल्या बोल्टाला पाना लावताच तो फिरला. दुसराही फिरला. तिसरा घट्ट वाटला. पोराला गाडी चालू करायला लावली. पण मागं दाबणार कोण? बादलीत भिजवलेलं गोणपाट तसंच पडून होतं. तेवढ्यात मागल्या चाकापलीकडं थोरल्याचं पांढरं धोतर खाली बसलेलं दिसलं.

"कुठं दाबू?"

"तोंडावर. चहूबाजूनं. हात भाजला तर पानी मार."

"मला नको शिकवू."

कान लावला. फुस्स. तोच घट्ट वाटलेला बोल्ट. अर्धा फेरा दिला. कान लावला. काही नाही. पाईपाभोवती तळवा फिरवून बघितला. कुठंच वारा लागला नाही. गोणपाट धरलेलं असतानाच गाडी गुदमरून बंद पडली, म्हणजे धुराला दुसरी वाटच उरली नव्हती, तशी मग खात्री झाली.

"सोड गं आता," मी म्हणालो.

थोरल्यानं गोणपाट सोडलं तेवढं.

हात धुतले. स्मशानात राख सावडली, अस्थींचं मडकं घेतलं आणि मागच्या सीटवर तिच्या जागेवर बसलो. लेकीला म्हणालो, काच वर घे. पोरानं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि गाडी हळू काढली. संगमापर्यंत मी नाक उघडं ठेवून बसलो होतो. बाळाच्या दुधाचा वास येत होता. धुराचा आला नाही.