जपानहून आलेली अकरा पत्रं

प्रभाकर मास्तरला जपानहून जे पत्र आलं, ते मी लिहिलेलं होतं. पुढचं सगळं या एका मूर्खपणातून निघालं, म्हणून आधी तोच सांगून टाकतो. मी पूर्णा स्टेशनवर टपालाच्या थैल्या छाटणारा सॉर्टर. जपान कुठं आहे असं कोणी विचारलं असतं, तर मनमाडच्या पुढं कुठंतरी, एवढंच सांगितलं असतं. मास्तर भाद्रपदात काविळीनं गेला. निरोप घेऊन माणूस आला तेव्हा मी ड्यूटीवर होतो आणि माझ्या शर्टाच्या खिशात बारावं पत्र होतं, अर्धवट…

मास्तर आमच्या गावच्या शाळेत चित्रकला शिकवायचा. दोन वर्षांमागं दिवाळीच्या सुट्टीनंतर तो शाळेत गेलाच नाही. घरात कोणी मेलं नव्हतं, कोणाशी भांडण नव्हतं. खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. आंघोळ नाही, बोलणं नाही. गाव म्हणालं, बाहेरचं लागलंय. त्याची थोरली बहीण अक्का विधवा. शिलाई करून त्याच्याच घरात राहणारी. तिनं त्याला दोन दर्ग्यांवर नेलं आणि शेवटी परभणीच्या मनाच्या डॉक्टरकडं. शाळेनं बिनपगारी रजा दिली. मी जिवलग दोस्त म्हणून काय केलं, तर आयता खाटेवर पडलाय म्हणून रोज जाऊन त्याला ‘जावईबापू’ अशी हाक मारली. हसला की बरा होईल, असं माझं शास्त्र होतं. तो हसला नाही. अक्का मात्र मशीन थांबवून माझ्याकडं बघायची.

त्या हिवाळ्यात मी टीव्ही घेतला आणि एका रविवारी सकाळी त्याला हाताला धरून स्टेशनाजवळच्या माझ्या क्वार्टरवर आणलं. माल दाखवायचा होता, दुसरं काही नाही. टीव्हीवर एक जपानी कार्टून लागलं होतं, हिंदीत बोलणारं. एका कानाचं कोल्ह्याचं पिल्लू, पाऊस लागला की बिळातून बाहेर येत नाही. बाकीची जनावरं बाहेरून त्याला हाका मारतात, दगड मारतात. क्वार्टरमधली पोरं हसत होती, मीही हसत होतो. मास्तर म्हणाला, “त्याला ढकलू नका रे. यायचं तवा येतंय ते.” तीन महिन्यांत त्याचं हे पहिलं वाक्य.

पुढच्या रविवारी तो आपणहून आला. मग मी ‘कोल्हा मंडळ’ काढलं. अर्थात अध्यक्ष मी. चपलांच्या खोक्यांचे कान कापले, प्रत्येकाला एकच, आणि नियम केला की आंघोळ केल्याशिवाय कान मिळणार नाही. नियम मी पोरांसाठी केला होता. मास्तर दुसऱ्या रविवारी ओल्या केसांनी आला आणि निमूट हात पुढं केला. बारा पोरं, दोन गँगमन, एक तिकीटबाबू आणि आम्ही दोघं असे एका कानाचे लोक टीव्हीपुढं बसायचो. कार्यक्रम संपला की मास्तर खडूनं फरशीवर पिल्लू काढायचा आणि पोरांना त्याच्या मनातलं सांगायचा. आज त्याच्या छातीवर दगड हाय. आज त्याला सगळ्यांचा आवाज लय लांबून येतोय. पोरं विचारायची, “मग त्यानं काय करायचं, सर?” तो विचार करून म्हणायचा, “बिळाच्या तोंडापर्यंत यायचं. आज एवढंच.”

मी हे डॉक्टरांना चेष्टेनं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “त्याला स्वतःचं सांगता येत नाही, कोल्ह्याचं येतं. तुम्ही कोल्ह्याचीच तब्येत विचारत जा. आणि गोळ्या चुकवू नका.” उन्हाळ्यापर्यंत मास्तर बाजारात जाऊन भाजी आणायला लागला. जूनमध्ये शाळेत हजर व्हायचं ठरलं. अक्कानं त्याला दोन नवे शर्ट शिवले.

आणि मे महिन्यात कार्टून बंद झालं. न सांगता. त्या जागी दुसरंच काही लागलं. मास्तरनं जपानला पत्र लिहिलं, मराठीत, सोबत चाळीस चित्रं. पत्ता काय, तर ‘कोल्ह्याचे चित्रकार, जपान’. पाकीट छाटणीला माझ्याच हातात आलं. दूरदर्शनकडं पाठवलं तरी चाललं असतं. मी ते कपाटात ठेवलं आणि ऑफिसच्या टाइपरायटरवर उत्तर लिहिलं. कंपनीच्या मुंबई शाखेकडून, शुद्ध मराठीत: आपली चित्रे पाहून आम्ही थक्क झालो, पुढील भाग आपणच काढावेत, आपणास नेण्यास आमचा माणूस येत आहे. मुंबईच्या गाडीतल्या टपालडब्यातल्या एका सॉर्टर दोस्ताकडून तिथला शिक्का मारून आणला. रविवारी मंडळापुढं फोडायचं, सगळ्यांनी हसायचं, असा बेत.

पत्र गुरुवारी पोचलं. शुक्रवारी मास्तरनं शाळेत जाऊन राजीनामा दिला.

तेव्हा तरी बोलायचं होतं. बोललो नाही. शिक्क्याची चौकशी झाली असती, माझी आणि त्या दोस्ताची दोघांची नोकरी गेली असती. मास्तरनं गोळ्या बंद केल्या. जपानला जाणाऱ्या माणसाला गोळ्या कशाला. नवा शर्ट घालून रोज मनमाडच्या गाडीला यायचा आणि उतरणाऱ्या प्रत्येकाकडं बघायचा. मी वीस पावलांवर थैल्या शिवत असायचो. तो मला हात करायचा. मीही करायचो. असे सतरा दिवस…

अठराव्या दिवशी सांगितलं. तो बाकावर बसला. म्हणाला, “दुसरं लिही.”

“काय लिहू?”

“माणूस का आला न्हाई ते.”

दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा भिंतीकडं तोंड करून झोपला. अक्काला पत्राचं कळलं होतं; ती मला घेऊन शाळेत गेली. हेडमास्तर म्हणाले, राजीनामा स्वखुशीचा, मंजूर झालेला, जागाही भरली. “डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणता, तर मग परत तरी कसं घेऊ? त्यानं असं का केलं, ते तरी सांगा.” अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरचा नकाशा पाहिला. जपान तेव्हा सापडलं, चांगलं ठळक होतं.

मग मी पत्रं लिहीत गेलो, महिन्या-दीड महिन्याला एक. माणसाची बोट चुकली, माणूस आजारी पडला, पिल्लाला दुसरा कान फुटतोय. मास्तर भिंतीकडं तोंड ठेवूनच ऐकायचा. जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं मला वेळेवर जाता आलं नाही, तेव्हा म्हणाला, “जपानातबी बंद हाय का रे?” मी हसलो. मला वाटलं, आमचं बरं चाललंय. काविळीत डोळे पिवळेजर्द झाल्यावर त्यानं अकरावं पत्र दोनदा वाचायला लावलं आणि एक शुद्धलेखनाची चूक काढली.

मास्तरच्या तेराव्या दिवसानंतर मी गेलो. खाट तशीच होती. जिथं त्याचं तोंड असायचं तिथं भिंतीचा चुना वीतभर गोल काळा पडलाय, श्वासानं की डोक्याच्या तेलानं, कोण जाणे. काही तरी बोलावं म्हणून मी म्हणालो, “अक्का, खिशात बारावं राहिलं. त्याला वाचून दाखवता आलं न्हाई, एवढंच मनाला लागून राहिलं.”

अक्कानं सुईत दोरा ओवला.

“जपानातून अकरा लिहिलीत, गोविंदराव. इथून एक हेडमास्तरला लिहायला तुमचा हात मोडला होता का?”