लसणाचा वास

जुन्नरला आमची भट्टी कांद्याच्या जुन्या वखारीत होती. मालक मारवाडी जैन, पण तीन पिढ्या इथेच गेलेल्या, घरातसुद्धा मराठीच. ते बाहेर शिकून आले आणि आजोबांच्या वखारीत स्फटिक वाढवायला लागले. मी एम.एस्सी. करून त्यांच्याकडे लागले.

काम सांगायला सोपं. गॅलियम धातू आणि आर्सेनिक, म्हणजे आपला सोमल, क्वार्ट्झच्या नळीत बंद करायचा. नळी भट्टीत उभी करायची, आतलं वितळवायचं आणि मग इतकं सावकाश थंड करायचं, की खालपासून वरपर्यंत एकच अखंड स्फटिक जमावा. त्याच्या चकत्या पुढे मोबाइलच्या चिप बनवणाऱ्यांकडे जायच्या. धोका एकच होता. नळीला चीर गेली, की तो विषारी सोमल वाफ होऊन बाहेर.

भट्टीवर माझ्याबरोबर एक कामगार होते, मी त्यांना भाऊ म्हणायचे; डिंभे धरणाच्या वरच्या गावचे, घरी भाताची खाचरं असलेले.

त्या दिवशी सकाळपासून स्क्रीनवरची तापमानाची रेघ मधेच थरथरायची आणि परत सरळ व्हायची. मी वायरी तपासल्या. काही सापडलं नाही. खिडकीतून लेण्याद्रीचा डोंगर रोजच्यासारखाच दिसत होता, तरी मला सारखं वाटत होतं की कोणीतरी मागे उभं आहे.

दुपारी मालकांच्या आई वखारीत आल्या. दारातच थबकल्या.

"कोणी लसूण आणलाय इथं? किती वेळा सांगितलं, डबा बाहेर झाडाखाली खायचा म्हणून."

भाऊ भट्टीच्या खोलीतून बाहेर येत होते. "न्हाई काकू. आज डबाच उघडला न्हाई. मळमळतंय जरा."

तापलेल्या सोमलाला लसणाचा वास येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. सकाळपासून आत-बाहेर करणाऱ्या माझ्या नाकाला तो कळलाच नव्हता.

"भाऊ, आत काय करत होता?"

"भट्टीवर पांढरी राख बसली व्हती. पुसून काढली." त्यांच्या खांद्यावरचा पंचा पिठात बुडवल्यासारखा दिसत होता. ती राख नव्हती, बाहेर येऊन थिजलेला सोमल होता.

"तो पंचा खाली टाका. काकू, बाहेर चला. सगळेच बाहेर!"

मी मेन स्विच पाडला, दार ओढून घेतलं. भाऊ अंगणात उकिडवे बसले आणि ओकायला लागले. मालकांनी त्यांना स्वतःच्या गाडीत घालून पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. काही दिवसांनी भाऊ घरी गेले, आणि आम्ही सुटलो असं सगळ्यांना वाटलं.

महिन्याभराने मी त्यांच्या गावी गेले. भाऊ ओट्यावर पाय सोडून बसले होते.

"खाचरात उतरवत न्हाई, ताई. तळपाय जळत्यात. रातीला गोधडीसुदिक सोसत न्हाई." त्यांनी हात पुढे केले. प्रत्येक नखावर एक आडवी पांढरी रेघ उमटली होती. सगळ्या नखांवर एकाच उंचीला. सोमल अंगात भिनल्याची खूण.

वहिनी चहा घेऊन आल्या. मला एकदम ती पांढरी राख आठवली.

"वहिनी, त्या दिवशीचे भाऊंचे कपडे कुठे आहेत?"

"दवाखान्यातनं पिशवीत दिलं व्हतं. तवाच धुतलं की वढ्याला. लई घाण झालं व्हतं. चांगलं चोळून चोळून काढलं."

ओढा घराच्या खालीच होता. आवाज येत होता.

मी वहिनींचा हात धरला आणि उजेडाकडे वळवला. नखांत शेण होतं, कडा काळ्या पडलेल्या. तशी रेघ आहे की नाही, मला नीट दिसेना. त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

"काय बघता ताई?"

"उद्या तुम्हीपण माझ्याबरोबर पुण्याला चला," मी म्हणाले. "एकदा नखं आणि केस तपासून घेऊ."

त्यांनी हात हळूच सोडवून घेतला आणि पदराखाली झाकला.