आतोबांची मुरलेली ऊब

आमच्या आतोबांइतका आपल्या बॉयलरवर जीव असलेला माणूस सबंध पेनसिल्व्हेनियात दुसरा नाही, आणि इतर राज्यांतही नसावा; कारण असता, तर आतोबांनी त्याचा नंबर कुठून तरी मिळवला असता आणि फोन करकरून त्याला नको जीव केला असता. आतोबा म्हणजे माझ्या बायकोच्या आत्याचे यजमान. स्टेट कॉलेज नावाच्या आमच्या गावातल्या युनिव्हर्सिटीत त्यांनी उभा जन्म किड्यांवर संशोधन करण्यात घालवला. रातकिडे एकमेकांशी काय बोलतात, हा त्यांचा खास विषय. निवृत्त झाल्यावर रातकिडे सुटले, कान रिकामे झाले, ते त्यांनी तळघरातल्या बॉयलरला लावले. घर जुनं, विटांचं. तळघरातला बॉयलर पाणी तापवतो, ते पाणी पाइपांतून घरभर फिरतं आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली बसलेल्या बिडाच्या जाडजूड रेडिएटरमधून ऊब देत देत परत खाली येतं. गोष्ट एवढीच. पण आतोबा ती सांगायला लागले की भगीरथानं गंगा आणली ती याच घरात, असं ऐकणाऱ्याला वाटू लागतं.

नवा माणूस भेटला की आपण त्याला गाव विचारतो, नोकरी विचारतो. आतोबा विचारतात, तुमच्याकडे हीटिंग कसलं. समोरचा बिचारा सरळपणे सांगतो की छताजवळच्या जाळीतून गरम हवा येते. आतोबा मग त्याच्याकडे अशा नजरेनं पाहतात की त्या माणसाला वाटावं, आपला काहीतरी जुना आजार यांना कळलेला दिसतो. "म्हणजे फुंकून तापवलेलं घर," ते म्हणतात. "फुंकणं थांबलं की थंड. आमच्याकडची ऊब मुरलेली असते." मी या गावात नोकरीला आलो तेव्हा मला बसस्टँडवरून घ्यायला तेच आले होते. प्रवास कसा झाला, हे त्यांनी विचारलं ते घराच्या दारात. तोवर सबंध रस्ताभर मला बॉयलरचं वय, प्रकृती आणि स्वभाव कळलेला होता. बॉयलर हा शब्दही त्यांना परका वाटतो. ते त्याला बंब म्हणतात. लहानपणी सांगलीत न्हाणीघरात तांब्याचा बंब होता, त्याचा हा अमेरिकेत शिकायला आलेला थोरला भाऊ, असं त्यांचं म्हणणं.

थंडी सुरू होण्याआधी सगळ्या रेडिएटरांची हवा काढायची असते. पाण्यात अडकलेली हवा वर साचते आणि मग रेडिएटर अर्धा गरम, अर्धा गार राहतो. हे काम कुणीही मुकाट्यानं करून मोकळं होईल, पण आतोबांकडे तो समारंभ असतो. त्यासाठी लागणारी छोटी पितळी किल्ली ते जानव्याला अडकवतात. देवावर त्यांचा फारसा विश्वास नाही, जानवं कशासाठी घालता, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अरे, मग किल्ली कशाला अडकवू?" शर्टाचं बटण सोडून, मान वाकडी करून, किल्ली जानव्यासकट ओढून ते रेडिएटरच्या कडेला लावतात आणि जवळजवळ त्याला मिठी मारून उभे राहतात. खाली स्टीलची वाटी धरायचा मान पाहुण्याचा. फुस्स करून हवा सुटते, मग थुंकल्यासारखं थोडं पाणी येतं, मग धार लागते. "वारा धरला होता पोटात," आतोबा वैद्यासारखं सांगतात. माडीवरच्या खोलीतला रेडिएटर हट्टी. त्याला ते आधी थोपटतात. सगळी हवा निघाल्याशिवाय चहा मिळत नाही, त्यामुळे गावातले मराठी विद्यार्थी त्या दिवसांत आतोबांकडे जाताना घरून चहा पिऊन जातात.

आत्या होत्या तेव्हा या रेडिएटरांना खरं काम होतं. जेवणघरातल्या रेडिएटरवर इडलीचं पीठ फुगायचं, जिन्याखालच्या छोट्या रेडिएटरवर विरजण लागायचं आणि हॉलमधल्यावर ओळीनं मोजे वाळायचे. बाहेर बर्फ पडत असताना साऱ्या गावात पीठ फुगलेलं घर ते एकच. त्यामुळे रविवारी तिथे जेवायला माणसं कमी पडली नाहीत. खंडेनवमीला आत्या बॉयलरलाही हळदकुंकू लावत, झेंडूचं फूल वाहत. एकदा त्यानंतर लगेच सर्व्हिसिंगला तंत्रज्ञ आला. त्यानं तो लाल ठिपका बोटानं पुसून पाहिला, गंज समजला आणि गळती शोधत तळघरभर रांगला. आतोबा पाठीशी उभे राहून त्याला चिवडा देत होते आणि प्रश्न विचारत होते. कुंकवाचं त्यांनी त्याला सांगितलं, पण अगदी शेवटी. तो काय काय तपासतो ते त्यांना बघायचं होतं.

आत्यांचा स्वतःचा एक छंद होता, बटणं बंद करण्याचा. न्हाणं झालं की गीझरचं बटण बंद, ही शिस्त त्यांनी पुण्याहून येताना हाडात घालून आणली होती. घरातून निघायचं म्हटलं की आत्या घरभर एक फेरी मारत. दिवे, पंखे, मायक्रोवेव्ह, सगळं बंद. ज्याला बटण नसेल त्याची पिन उपटलेली. त्यांच्याकडच्या एकाही घड्याळात खरी वेळ दिसली नाही. त्यांची मुलगी लहान असताना शाळेच्या बसमध्ये चढलेली पोर त्यांनी खोलीतला दिवा मालवायला खाली उतरवली होती. ही मुलगी आता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला, एका मोठ्या कंपनीत आहे. मराठी तिला सगळं समजतं, बोलते मात्र आपल्या सोयीनं.

आत्या गेल्या, आणि घरात आतोबा आणि बॉयलर एवढे दोघेच उरले. मुलगी सारखी म्हणायची, बाबा, माझ्याकडे या. आतोबांचं ठरलेलं उत्तर, मग बंबाकडे कोण बघेल. शेवटी एकदा फोनवर फारच झालं तेव्हा ते वैतागून बोलून गेले, "ज्या दिवशी हा माझं ऐकायचा बंद होईल ना, त्या दिवशी येईन तुझ्याकडे. कायमचा." बोलताना त्यांना वाटलं, विषय संपला. मुलीला वाटलं, शब्द मिळाला. त्यानंतर ती दर फोनला आईची चौकशी करावी तशी बॉयलरची चौकशी करू लागली, आणि आतोबा जास्तच जपून राहू लागले. स्टीलचा पेला उपडा करून पाइपला लावायचा, त्याच्या बुडाला कान लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचं, हा कार्यक्रम रोजचा झाला. पंपाची घरघर, पाण्याची खळखळ, सगळं ऐकून झालं की म्हणायचे, "बोलतोय." मी कधी पेल्याला कान लावला तर मला फक्त पेला गार लागायचा.

गेल्या थँक्सगिव्हिंगला मुलगी चार दिवस आली. आल्या आल्या तिनं घर आवरायला घेतलं. एक दिवस आम्ही सगळे माझ्या गाडीतून पिट्सबर्गच्या देवळात गेलो. थंडी अशी की देवळाबाहेर काढलेल्या बुटांत परत पाय घालवेना. सकाळी निघालो ते दिवेलागणीला परतलो. दार उघडून आतोबा पुढे झाले आणि उंबऱ्यातच थबकले. आम्हाला घर गार लागलं, पण त्यांनी त्याआधी दुसरंच काही टिपलं होतं. "गप्प आहे," ते म्हणाले.

कोट न काढता ते पेला घेऊन खाली गेले. जाताना त्यांनी मला त्यांचं नेहमीचं सूत्र सांगितलं, आधी साधं बघायचं, अवघड नंतर. साधं म्हणून त्यांनी थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या बदलल्या. गॅसची तोटी पाहिली, पाण्याचा दाब पाहिला, पंपावर हात ठेवला. पंप मेल्यासारखा गार. मग किल्ली निघाली, जानवं ताणलं गेलं, मी वाटी घेऊन मागे. एकाही रेडिएटरमध्ये हवा नव्हती. पहिल्या फिरकीलाच गार पाणी यायचं आणि आतोबा किल्ली सोडवून पुढच्याकडे वळायचे. माडीवरच्याला त्यांनी थोपटलंही नाही. दुरुस्तीवाल्यांना फोन केले, तर सणाचे दिवस, सगळीकडे निरोप ठेवा म्हणणारी यंत्रं. थंडी आणखी वाढली तर पाइपांतलं पाणी गोठून पाइप फुटण्याची भीती. शेवटी ते वर येऊन जेवणघरात खुर्चीवर बसले. मला त्यांचं वय पहिल्यांदा दिसलं. हा माणूस इतकी वर्षं थंडीशी भांडत आला, त्याला असं बसलेलं बघून मला फार वाईट वाटलं.

शब्दाचा विषय त्यांनीच काढला. म्हणाले, "तिकीट काढ माझं. मी म्हणालो होतो, तो ऐकेनासा झाला की येईन."

"बाबा, प्लीज. आय डिड्न्ट वाँट इट लाइक धिस," ती म्हणाली, आणि त्यांच्या गुडघ्यांवर टाकायला घोंगडी आणायच्या निमित्तानं पलीकडे वळली.

मला तिथे उभं राहवेना. पेला खाली राहिला होता, तो घेऊन येतो म्हणून मी तळघराच्या जिन्याशी गेलो. जिन्यात मिट्ट काळोख. आतोबा वर आल्याबरोबर त्यांच्या मुलीनं दिवा मालवलेला होता. मी भिंत चाचपली, बटण लागलं, दाबलं. दिवा काही लागला नाही. पण खाली काळोखात काहीतरी गुरगुरलं, मग धप्प असा दबका आवाज झाला आणि निळा उजेड थरथरला. बॉयलर पेटला होता.

आतोबा घोंगडीसकट धावत आले, मागोमाग मुलगी. त्यांनी सवयीनं, न बघता, शेजारचं दिव्याचं बटण दाबलं, आणि मग आम्ही तिघांनी भिंतीकडे पाहिलं. माझं बोट अजून ज्या बटणावर होतं त्याची पट्टी लालभडक होती. बॉयलरचं मुख्य बटण. त्याच्याभोवती रंग न उडालेला एक स्वच्छ चौकोन, वर एक खिळा.

"इथलं कॅलेंडर कुठंय?" आतोबांनी विचारलं.

तिथे कायम एक मराठी कॅलेंडर लटकलेलं असे, आणि कुणाला ते हलवायची परवानगी नव्हती. दरवर्षी जुन्यावरच नवं अडकवलं जाई, आणि आत्या गेल्या त्या सालानंतर तेही थांबलं होतं. मुलगी म्हणाली, जुनं झालं होतं, भिंत पुसायला काढलं, ड्रॉवरमध्ये जपून ठेवलंय. मग ती बटणाकडे बघत राहिली. "सकाळी निघताना मी राउंड मारला," ती हळूहळू म्हणाली. "सगळे स्विचेस ऑफ केले. हे पण. आय डिड्न्ट इव्हन थिंक, बाबा. आई ऑल्वेज..."

आतोबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आणि हसू लागले. हसता हसता त्यांनी सांगितलं ते असं. हे घर घेतलं त्या पहिल्या हिवाळ्यात दोघं चार दिवस न्यू जर्सीला गेली होती. निघताना आत्यांनी शिस्तीत फेरी मारली, लाल बटण दिसलं, लाल म्हणजे गीझर, म्हणून बंद केलं. परत आली तो घराचा बर्फखाना झालेला. तेव्हापासून आतोबांनी त्या बटणावर कॅलेंडर टांगलं, आणि आपण ते टांगलं कशासाठी हे इतक्या वर्षांत पार विसरून गेले. त्यांच्या मनातून ते बटणच पुसलं गेलं होतं. "तिच्यापासून लपवलं होतं," ते डोळे पुसत म्हणाले, "पण तिनं हात तुझ्याकडे देऊन ठेवला की गं." मुलगी त्यांच्याशेजारी त्याच पायरीवर बसली आणि दोघं हसली, रडली, काय ते त्यांनाच ठाऊक. मी शेजारी पेल्याविना उभा. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. खालून पाइप तापायला लागल्याची टकटक येऊ लागली. थोड्या वेळानं मुलगी चहा टाकायला गेली तेव्हा आतोबा मला हळूच म्हणाले, "मला वाटलं, माझे कानच गेले रे."

यंदा जानेवारीत मात्र ते आपण होऊन बेलव्ह्यूला गेले, दोन महिन्यांसाठी. तेव्हा शब्दात अडकून जाणार होतो, आता मनानं जातो, म्हणाले. न्यायला मुलगी आली होती. निघताना तिनं आईसारखी घरभर फेरी मारली, आतोबा मागून. तळघराच्या जिन्याशी कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर होतं, त्याच सालाचं. त्यांनी त्यामागे हात घालून चाचपलं आणि म्हणाले, एवढं चालू राहू दे. किल्ली त्यांनी जानव्यातून सोडवून माझ्या हातावर ठेवली. मी जानवं घालत नाही, म्हणून गाडीच्या किल्लीबरोबर अडकवली आहे.

मी अधूनमधून जाऊन बघून येतो. दाब बघतो, पाइपला हात लावतो आणि फोन लावतो. आतोबा तिकडच्या घराबद्दल तक्रार करत नाहीत. फुंकलेली ऊब आहे, पण पोर आहे, असं म्हणतात. मग मी फोन पंपाजवळ धरतो. काल मी विचारलं, "ऐकू येतंय ना, आतोबा?"

"येतंय," ते म्हणाले. "थोडा वेळ तसाच धर."

मी धरला. वर सगळे दिवे बंद होते, आणि रिकामं घर छान गरम होतं.