परातीतली पिवळी सरकी

दादा गेल्याची तार अकोल्याला जठारपेठेतल्या आमच्या बिऱ्हाडी आली तेव्हा माझ्या हातात परात होती. परात आणि दादा... माझ्या डोक्यात या दोन गोष्टी कधी वेगळ्या निघतच नाहीत. ती तशीच खाली ठेवली आणि तिथेच बसून पोटभर रडले.

माझा हा थोरला भाऊ अमरावतीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. बाबा अकोल्यात भिक्षुकी करायचे. त्यांना पंचांगाचं, तर दादाला सरकीचं वेड. साथ गावात कशी पसरेल हे तो सरकीवर खेळून बघायचा. परातीत पांढरी सरकी म्हणजे धडधाकट माणसं, कुंकवानं रंगवलेली एक म्हणजे आजारी. परात हलवायची, लालला जी चिकटेल ती पुढच्या खेपेला लाल. दर खेपेचे आकडे कागदावर मांडायचे. एक डाव, एक कागद. सरकी तीच, तिचा डबा तोच, पण प्रत्येक कागद निराळा निघायचा. वहिनी म्हणायची, लोकांच्या परातीत कणीक असते, आमच्या परातीत महामारी!

माझं लग्न बार्शीटाकळीला ठरलं, मुहूर्त पंधरवड्यावर आला आणि तिकडे देवीची साथ सुरू झाली. दादा डबा घेऊनच अकोल्याला आला. हळदीत बुडवलेली एक सरकी माझ्यासमोर धरून म्हणाला, "ही तू." मग पाहुणे, आचारी, वाजंत्री सगळ्यांची सरकी परातीत टाकून तो डावावर डाव खेळत बसला.

कागद बाबांपुढे ठेवले. बाबांनी चष्मा लावून ते एकेक वाचले आणि त्यातला एक वेगळा काढला. त्यात साथ दोन घरांतच थांबली होती. हा योग उत्तम, म्हणाले, यावरच लग्न लावू. जन्मभर दहा मुहूर्तांतला चांगला काढून द्यायची सवय, दुसरं काय होणार!

दादानं तो कागद परत गठ्ठ्यात घातला. "बाबा, यातला कागद आपल्याला निवडता येत नाही. कोणता वाट्याला येईल कुणाला ठाऊक? म्हणून सगळे एकदम बघायचे." त्यानं ते माजघरभर पसरले. काहींवर साथ लगेच विझली होती, पण बऱ्याच कागदांवर अर्धी परात लाल. बाबा त्या कागदांमधून एकेक बघत फिरले. मग हळूच विचारलं, "पिवळी किती कागदांवर लाल झाली रे?"

दादा खाली वाकला. कागद गोळा करू लागला. बाबांनी पंचांग उघडलं आणि पुढची तारीख शोधायला बसले.

सासरचे खवळले. सोयरीक मोडते की काय, असं झालं. दादा स्वतः बार्शीटाकळीला गेला, हात जोडले, घरादाराला देवी टोचून घ्यायला लावल्या. आणि गंमत बघा, साथ दोन घरांतच संपली! लग्नात सासूबाईंनी त्याला गाठलंच. "काही झालं का? पोरीले उगाच काहून थांबवलं तुमी?"

"तो बाबांचाच कागद निघाला, विहीणबाई," दादा हसत म्हणाला. "बरंच झालं."

मला असा संताप आला! माझं लग्न मोडायची वेळ आली होती आणि हा हसतोय. पुढे राग निवल्यावर मी त्याला बाबांचाच तो पिवळीचा प्रश्न विचारला. तर म्हणे, विसरलो. आकडा न विसरणारा माणूस तो! मी पुन्हा विचारलं नाही.

परवा अमरावतीला गेले. वहिनीनं डबा पुढ्यात ठेवला. कीड लागू नये म्हणून घातलेला कडुनिंबाचा पाला, पांढरी सरकी, लाल सरकी... बोटांनी चाळून चाळून बघितली, पिवळी काही सापडेना. वहिनी उठली, त्याच्या टेबलाच्या खणातून एक काडेपेटी घेऊन आली. आत ती एकटीच होती.

"तुमच्या लग्नानंतर यांनी ती परातीत घेतलीच नाही, वन्सं. एकदा मी टाकायला गेले, तर माझा हात धरला. म्हणाले, तिला नको."

हळदीचा रंग पार उडालाय. काडेपेटी मी तिथेच, त्याच्या खणात ठेवून आले.