खालचं खाचर सोडलं तेव्हा

आमची भाताची दोन खाचरं इगतपुरीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. एक वर, एक खाली ओढ्याला लागून. त्या वर्षी ऐन आवणीत, रोपं लावायच्या दिवसांत, बांधावरून घसरून माझ्या नवऱ्याचा पाय मोडला. ते प्लास्टर घालून ओसरीवर बसले आणि शेत माझ्या नि सासूबाईंच्या गळ्यात पडलं.

रोपं कशीबशी लावून झाली, पण युरिया मिळेना. घोटीच्या दुकानांतून मी रोज रिकाम्या हातांनी परतायची. एका सकाळी खताची गाडी आल्याचं कळलं, तशी धावत गेले. छत्र्यांची रांग रस्त्यापर्यंत आलेली. माझी पाळी आली तेव्हा दुकानदार म्हणाला, "एकच गोणी मिळेल, आणि सोबत ही बाटली घ्यावीच लागेल." बाटलीत काय आहे, हे विचारण्याइतकीही सवड मागच्या गर्दीने दिली नाही. घेतली.

दुपारी उघडीप होती. "खत फेकून घेऊ आजच," सासूबाई म्हणाल्या. "उद्याचं कोनी बघितलंय?" दोघींनी मिळून दोन्ही खाचरांत युरिया फेकला. संध्याकाळी पाऊस आला तो रात्रभर हटला नाही. सकाळी जाऊन बघते तर खालच्या खाचराचा बांध फुटलेला आणि वरच्याचं पाणी बांधावरून वाहत होतं. पांढरे दाणे केव्हाच विरघळून ओढ्याला लागले होते. मी ओंजळीने चिखल उपसून भगदाडावर टाकत राहिले. टाकावा तसा तो वाहून जाई. सासूबाईंनी दंड धरून मला मागे ओढलं, तेव्हा कळलं की मी ओरडत होते.

मग भात पिवळं पडत गेलं. फुटवे येईनात. नवरा ओसरीवरून विचारायचे, "धरलं का गं हिरवं?"

"धरतंय हळूहळू," मी म्हणायची आणि चुलीपाशी जाऊन बसायची.

माझी नणंद शेजारच्या गावात दिलेली. तिच्या कानावर आमची दशा गेली, तशी ती पिशवी घेऊन आली. पिशवीत दाबून केलेल्या युरियाच्या गोळ्या होत्या, चिंचोक्याएवढ्या. "चार चुडांच्या मधी एक गोळी, बोट बुडंल इतकी खोल चिखलात दाबायची," ती म्हणाली. "आत राहती, हळूहळू लागू पडती. वर टाकलीस तर ही बी ओढ्यालाच जायची. पन माझ्याकडं एवढ्याच उरल्यात. दोनी खाचरांना नाय पुरायच्या."

मी सासूबाईंकडे बघितलं. खालचं खाचर त्यांनी आणि सासऱ्यांनी दगड वेचून वेचून स्वतः तयार केलेलं. आमच्या घरातलं पहिलं भात तिथलं.

"आत्याबाई, निम्म्या-निम्म्या घालू का?" मी त्यांना विचारलं.

"निम्म्यानं पोट कोनाचंच भरत नाय," त्या म्हणाल्या. "खालचा बांध टिकायचा नाय. वरच्यात घाल." आणि पदर खोचून वरच्या खाचरात उतरल्या.

वाकून वाकून आम्ही रोपांच्या दर चार चुडांमध्ये एक अशा गोळ्या दाबल्या. पाठ सरळ होईना, बोटांची सालं निघाली. खालच्या बाजूला सासूबाईंनी एकदाही मान वळवली नाही.

वरचं खाचर सावरलं. उशिरा का होईना, काळपट हिरवं झालं. खालच्यात लोंब्या आल्या त्या पोचट. चोळल्या तर नुसता कोंडा हातात यायचा. कापणीच्या वेळी सासूबाई खाली आल्याच नाहीत. मी एकटीनेच ते कापलं, गुरांना घालायला.

वरचं भात घरात आलं, पण पोत्यांकडे बघूनच कळलं की होळीपर्यंतसुद्धा ते पुरणार नाही. नवरा अजून लंगडत होते. थंडी पडल्यावर गावातल्या बायांबरोबर मी पिंपळगावच्या द्राक्षबागेत कामाला गेले. टेम्पोत चढताना सासूबाईंनी भाकरीचं फडकं माझ्या हातात दिलं. "जा," एवढंच म्हणाल्या, आणि टेम्पो सुरू व्हायच्या आत वळून चालू लागल्या.